नेम धरायचा, पण खिसा सांभाळून!

मुलाला किंवा मुलीला रायफल नेमबाजीची गोडी लागली की आईवडिलांसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशांचा. एकदम लाखांची रायफल आणण्याऐवजी एकेक भाग जमवत, जुन्या-नव्याचा मेळ घालत सामान कसे उभे करता येते? काटकसर कुठे चालते आणि कुठे ती अंगाशी येते? बेंगळुरूच्या निमित्ताने घेतलेला हा आढावा.

सुट्या भागांतून वस्तू जोडून घ्यायची बेंगळुरूकरांना जुनी सवय आहे. एस. पी. रोडच्या गल्ल्यांतून हिंडून एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून रॅम, तिसऱ्यातून कॅबिनेट घेऊन संगणक जोडणारी कॉलेजची मुले या शहराने वर्षानुवर्षे पाहिली आहेत. जुन्या स्कूटरचा एखादा भाग मिळत नसेल तर जे. सी. रोडला चक्कर मारायची, आणि तिथेही नाही मिळाला तर पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कुणाकडून तरी करून घ्यायचा, हेही इथे कुणाला नवीन नाही. तयार वस्तूपेक्षा जोडून घेतलेली वस्तू स्वस्त पडते आणि आपल्या गरजेला बरोबर बसते, हे या शहराचे व्यवहारज्ञान.

आता समजा, जयनगरातल्या एखाद्या मराठी घरातली आठवीतली मुलगी शाळेच्या शिबिरात पहिल्यांदा एअर रायफल हातात धरते. दोन महिन्यांत तिचे छर्रे काळ्या वर्तुळात पडू लागतात. प्रशिक्षक म्हणतात, "हिला हात आहे." मुलगी घरी येऊन सांगते, "बाबा, मला स्वतःची रायफल हवी." बाबा किंमत विचारतात, आणि घरात शांतता पसरते. स्पर्धेच्या दर्जाची नवी परदेशी एअर रायफल आज अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. त्यावर जॅकेट, ट्राउझर, बूट, हातमोजा आणि छर्रे. नोकरदार माणसाच्या वर्षभराच्या बचतीचा प्रश्न होतो तो!

मग एस. पी. रोडची युक्ती इथे चालेल का? अर्धी चालते. कोणती अर्धी, तेवढे मात्र नीट समजून घ्यायला हवे.

आधी कायदा

सर्वांत आधी एक रेघ ओढून घेऊ. रेघेच्या एका बाजूला दारूगोळ्यावर चालणारी बंदूक किंवा रायफल, दुसऱ्या बाजूला हवेच्या दाबावर चालणारी खेळाची एअर रायफल.

पहिल्या प्रकारात सुटे भाग जमवून काही 'जोडून घेणे' हा विषयच नाही. आपला १९५९ चा शस्त्र कायदा 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही धरतो. परवान्याशिवाय बंदूक बनवणे हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. अमेरिकेतल्या एखाद्या भाच्याने हौसेने सुटे भाग मागवून रायफल जोडल्याचे फोटो पाठवले, तर ते पाहून कौतुक करावे आणि तिथेच थांबावे. पॉइंट टू-टू या छोट्या काडतुसाची रायफलसुद्धा परवाना, रायफल क्लबचे सदस्यत्व आणि राज्य संघटना या वाटेनेच हातात येते.

दुसऱ्या प्रकाराचे तसे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे, ०.१७७ इंचापर्यंतच्या म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ऑलिंपिकमध्ये १० मीटरवर वापरली जाते ती एअर रायफल जेमतेम साडेसात ज्यूलच्या आसपासची. दुकानदाराला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो आनंदाने द्यावा. पावती न देणारा विक्रेता कितीही स्वस्तात देत असला, तरी त्याच्या दारात उभे राहू नये. पुढे जे काही सांगितले आहे ते या खेळाच्या एअर रायफलीविषयीच आहे.

मराठी माणसाचा जुना धागा

हा खेळ श्रीमंतांचा, राजेरजवाड्यांचा, अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. पण त्याची संस्था उभी करणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची अखिल भारतीय मावळणकर स्पर्धा ही कित्येक नवोदितांच्या दृष्टीने राष्ट्रीय स्पर्धेच्या दाराची पायरी ठरली आहे.

पुढे या दारातून आत गेलेल्यांची घरे साधीच होती. अंजली भागवत यांनी मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एन.सी.सी.मधून सुरुवात केली आणि २००० मध्ये सिडनीच्या ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. सुमा शिरूर यांचा जन्म तर बेंगळुरूच्या उंबरठ्यावरच्या चिक्कबळ्ळापूरचा. त्या २००४ मध्ये अथेन्सला अंतिम फेरीत पोचल्या, आणि पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी अवनी लेखरासारखी पॅरालिंपिक विजेती घडवली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक घेतले. त्याचे वडील शिक्षक. आणि बेंगळुरूतच लहानाची मोठी झालेली तिलोत्तमा सेन कोविडच्या टाळेबंदीच्या काळात या खेळाकडे वळली आणि २०२३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, आशियाई स्पर्धेत एअर रायफलचे रौप्यपदक मिळवून तिने भारताला ऑलिंपिकची एक जागा कमावून दिली.

पण याच खेळाची दुसरी बाजूही आहे. गगन नारंगच्या आईवडिलांनी त्याच्या रायफलीसाठी जमिनीचा तुकडा विकला, हे आता सर्वांना माहीत आहे, कारण गगनने २०१२ मध्ये लंडनला पदक मिळवले. ज्या घरांनी असेच काही विकले आणि ज्यांची मुले दोन वर्षांनी खेळ सोडून अभ्यासाला लागली, त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही. म्हणून हिशेब आधी मांडायला हवा.

रायफल म्हणजे नेमके काय काय?

१० मीटर एअर रायफलचे सबंध लक्ष्य साडेपंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे लिंबाच्या फोडीएवढे. त्यातला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, पेन्सिलीच्या टोकाएवढा. मुख्य फेरीत ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे. प्रत्येकाला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात, म्हणजे एकूण ६५४ पैकी. हे सगळे उभ्याने आणि रायफल खांद्याला लावून. रायफलीचे वजन नियमाने साडेपाच किलोच्या आत हवे.

इतक्या बारीक कामाला रायफल अंगाला बरोबर बसावी लागते. म्हणूनच स्पर्धेची रायफल हा एक अखंड लोखंडी दांडा नसून तो जुळणीचा खेळ आहे. सोयीसाठी तिचे तीन गट करू.

पहिला गट यंत्राचा : नळी, बंद-उघड करणारी यंत्रणा, चाप आणि दाबाची हवा भरलेला सिलिंडर. दुसरा गट अंगाला लागणाऱ्या भागांचा : दस्ता, खांद्याला टेकणारी बट प्लेट, गालाखालचा चीक पीस, हाताची मूठ आणि डाव्या हाताखालचा आधार. तिसरा गट डोळ्याचा : मागचा बारीक छिद्राचा डायॉप्टर, त्यावरची कमी-जास्त होणारी आयरिस आणि पुढच्या नळकांड्यात बसवायची कडी.

पैसे वाचवण्याची सारी किल्ली या तीन गटांत आहे. पहिला गट जुना चालतो. दुसरा गट मुलाच्या अंगाप्रमाणे बदलावा लागतो. तिसरा गट एका रायफलीवरून दुसरीवर नेता येतो, म्हणून तो एकदाच, पण चांगला घ्यावा.

पहिले सहा महिने काहीच घेऊ नका

सर्वांत स्वस्त खरेदी म्हणजे पुढे ढकललेली खरेदी! क्लबमध्ये शिकाऊ मुलांसाठी रायफली असतात. पहिले सहा महिने तरी त्यांवरच सराव होऊ द्यावा. त्या काळात तीन गोष्टी आपोआप कळतात.

एक, गोडी टिकते का? दर शनिवारी सकाळी कुणी न उठवता मुलगी उठते का, हे कुठल्याही प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्राइतकेच बोलके असते.

दोन, डोळा कोणता? दोन्ही हातांच्या पंज्यांत लहानसे भोक ठेवून दूरच्या घड्याळाकडे पाहायला सांगा. मग एकेक डोळा मिटायला लावा. ज्या उघड्या डोळ्याला घड्याळ भोकातच दिसत राहते तो प्रमुख डोळा. मूल उजवे असून डोळा डावा निघाला तर रायफल कोणत्या हाताची घ्यायची, हा निर्णय प्रशिक्षकांशी बोलूनच करावा. डाव्या हाताच्या रायफली जुन्या बाजारात कमी येतात. चुकीच्या हाताची घेतलेली रायफल म्हणजे उलट्या पायाचा बूट.

तीन, अंगाची ठेवण. तेराव्या वर्षी घेतलेला लहान दस्ता पंधराव्या वर्षी आखूड होतो. वाढत्या मुलासाठी लांबी आणि उंची कमी-जास्त करता येईल असाच दस्ता हवा.

कॉलेजला जाणाऱ्यांना एन.सी.सी.चीही वाट आहे. कर्नाटक आणि गोवा यांचे एन.सी.सी. संचालनालय बेंगळुरूतच आहे. तिथे रायफल, गोळ्या आणि शिस्त तिन्ही सरकारी खर्चाने मिळतात.

या सहा महिन्यांत एकच वस्तू विकत घ्यावी, ती म्हणजे सेफ्टी फ्लॅग. भडक रंगाची ही दोरी रायफलीच्या घरात घातली की आत छर्रा नाही हे लांबूनही दिसते. अगदी किरकोळ किमतीची ही वस्तू, पण खेळाचा पहिला संस्कार तिच्यापासून होतो.

देशी की परदेशी, नवी की जुनी?

आपल्याकडे जुन्या लोकांना 'आयएचपी' हे नाव आठवेल. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातल्या इंडियन ह्यूम पाइप या कंपनीच्या या एअर रायफली. नळ बनवणाऱ्या कंपनीने छर्ऱ्याच्या बंदुकाही बनवल्या, ही गंमतच! आज ठाणे जिल्ह्यातल्या प्रेसिहोलसारख्या भारतीय उत्पादकांच्या रायफली आहेत. शिकाऊ नेमबाजाला उपयोगी पडणारे त्यांचे नमुने परदेशी रायफलीच्या निम्म्याहून कमी किमतीत येतात. जिल्हा आणि राज्य पातळीच्या सुरुवातीच्या स्पर्धांपर्यंत अशा रायफलीवर गुण कमी पडले, तर दोष बहुधा रायफलीकडे नसतो.

वरच्या पायरीवर मात्र जर्मन आणि ऑस्ट्रियन नावे ऐकू येतात : फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आनशुट्झ, स्टायर. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल पहिल्यांदा आली, तेव्हापासून या नावांचा दबदबा आहे. पण या रायफली नव्याच घ्यायला हव्यात असे मुळीच नाही. शिशाचा छर्रा मऊ असतो, वेग कमी असतो, त्यामुळे एअर रायफलीची नळी सहसा झिजत नाही. नीट वापरलेली दहा वर्षांची नळीही नव्यासारखी नेम देते. मोटारगाडीसारखे 'किती किलोमीटर चालली' हे इथे फारसे आड येत नाही.

जुन्या रायफली येतात कुठून? बारावीला गेलेली, इंजिनिअरिंगला लागलेली, परदेशी गेलेली मुले आपले सामान क्लबमधूनच पुढे देतात. बेंगळुरूच्या मराठी कुटुंबांना इथे एक जास्तीची सोय आहे, ती म्हणजे नातेवाईक. कोल्हापूर, पुण्याचे बालेवाडी, मुंबईची वरळी ही नेमबाजांची गावे. कोल्हापूरच्या मावशीने ओळखीच्या क्लबमध्ये शब्द टाकून ठेवला, पुण्याच्या काकांनी बालेवाडीला चौकशी केली, तर बेंगळुरूच्या एका क्लबात वर्षभर वाट पाहण्यापेक्षा लवकर काम होते. शालेय परीक्षांचे निकाल लागले की जून-जुलैत असे सामान निघण्याचा संभव जास्त, कारण तेव्हाच मुलांच्या वाटा बदलतात.

जुनी रायफल पाहायला जाताना

ओळखीच्या माणसाची असली तरी डोळे मिटून घेऊ नये. प्रशिक्षकांना किंवा जाणत्या नेमबाजाला बरोबर घ्या आणि या क्रमाने पाहा.

सिलिंडरची तारीख : हवेच्या सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. उत्पादक त्याला साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मुदतीतला सिलिंडर वापरणे ही खेळाडूची जबाबदारी आहे. रायफल स्वस्त का मिळते, याचे उत्तर बरेचदा या तारखेत दडलेले असते! मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सरळ भावातून वजा करा.

गळती : सिलिंडर भरून काट्यावरचा आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला असेल तर आतल्या रबरी रिंगा गेल्या. हा फार मोठा खर्च नाही, पण दुरुस्ती कंपनीच्या माहितगाराकडूनच व्हायला हवी.

नेम : रायफल टेकूवर ठेवून दहा मीटरवर एकाच ठिकाणी पाच छर्रे मारायला सांगा. कागदावर पाच भोके न दिसता जवळपास एकच भोक दिसले पाहिजे. छर्ऱ्यांचा डबा बदलून पुन्हा पाहा, कारण साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्यांतही शतांश मिलिमीटरचे फरक असतात आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते.

चाप : चाप दर वेळी त्याच ठिकाणी, तेवढ्याच दाबाला सुटतो का, हे दहा-बारा वेळा पाहा. मध्येच अडखळणारा चाप हा नाही म्हणण्याचे पुरेसे कारण आहे.

कागद : मूळ पावती आणि पावतीवरचा क्रमांक रायफलीवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. नामवंत खेळाडूने सवलतीत आयात केलेली रायफल असेल तर तिच्या विक्रीवर अटी असू शकतात. पैसे देण्याआधी कागद राज्य संघटनेच्या कार्यालयात दाखवून घ्यावेत. हस्तांतराचा साधा लेखी कागद, दोघांच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती, एवढे तरी हवेच. परगावाहून रायफल आणताना ती पेटीत बंद करून, कागद जवळ ठेवून आणावी. विमानाने आणायची झाल्यास कंपनीला आधी कळवावे.

कुठे वाचवायचे, कुठे नाही

आता सुट्या भागांकडे वळू. सगळे भाग सगळीकडे बसतात असे नाही, पण काही मापे बहुतेक रायफलींना सारखी असतात. डायॉप्टर ज्या खाचेवर बसतो ती बहुतेक स्पर्धेच्या एअर रायफलींवर ११ मिलिमीटरची असते. त्यामुळे जुन्या रायफलीबरोबर साधा डायॉप्टर असेल तर नंतर चांगला घेऊन तो पुढच्या रायफलीवरही नेता येतो. पुढच्या नळकांड्याची कडी दोन मापांत येतात, १८ आणि २२ मिलिमीटर. माप न पाहता घेतलेली कडी डब्यात पडून राहतात. आयरिस बहुधा साडेनऊ मिलिमीटरच्या आट्याची असते. ही तीन मापे वहीत लिहून ठेवली तर स्वस्तात आलेला भाग आपल्या कामाचा आहे की नाही, हे जागच्या जागी कळते.

डायॉप्टर जुना घेताना तो हलवून पाहा. स्क्रूची प्रत्येक 'टिक' स्पष्ट ऐकू आली पाहिजे आणि चार टिका उजवीकडे, चार डावीकडे केल्यावर नेम मूळ जागी परतला पाहिजे. हा भाग किती नाजूक असतो, हे अभिनव बिंद्राच्या अनुभवावरून कळते. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगला अंतिम फेरीआधीच्या सरावात त्याचा पहिला छर्रा चार गुणांवर गेला. साइट हलली होती! ती पुन्हा जुळवून त्याने भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले.

बट प्लेट, चीक पीस, मूठ हे भाग जुने घ्यायला हरकत नाही, मात्र मुलीच्या अंगावर लावून पाहिल्याशिवाय नको. मान न वाकवता, गाल सहज टेकून डोळा छिद्राच्या रेषेत आला पाहिजे. दस्त्याच्या लांबीसाठी लागणाऱ्या चकत्या किंवा तोल साधायची छोटी वजने पीण्यातल्या एखाद्या वर्कशॉपमधून करून घेता येतात, फक्त एकूण वजन साडेपाच किलोच्या पुढे जाता कामा नये. लाकडी दस्ता ॲल्युमिनियमच्या दस्त्यापेक्षा स्वस्त पडतो आणि शिकाऊ हातांना तो पुरतो.

पण नळी, चाप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांना स्थानिक लेथवाल्याचा हात लागू देऊ नये. सिलिंडरमध्ये साधारण २०० बारचा दाब असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या जवळजवळ शंभरपट! तिथली जुगाड दुरुस्ती म्हणजे मुलीच्या गालाशी ठेवलेला धोका. हवा भरायची ती कोरडी, स्वच्छ, लिहिलेल्या दाबाइतकीच. ऑक्सिजन तर कधीही नाही.

कपड्यांच्या बाबतीत उलटा न्याय आहे. नेमबाजीचे जाड जॅकेट पाठीला आधार देते, म्हणून त्यावर कडक नियम आहेत. कापडाची जाडी अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि ताठपणाही यंत्रावर मोजला जातो. दुसऱ्याच्या मापाचे जॅकेट सैल असेल तर उपयोग नाही, आणि आवळून शिवले तर ते तपासणीत अडकू शकते. म्हणून जॅकेट अंगाच्या मापाचेच हवे. आपल्या देशात शिवलेली जॅकेटे आयात मालापेक्षा बरीच स्वस्त मिळतात. मुलगी वाढीला लागलेली असेल तर पहिल्या वर्षी साध्या जाड स्वेटरवर भागवावे. बूट मात्र क्लबातल्या थोरल्या मुलींचे लहान झालेले मिळाले तर बेधडक घ्यावेत.

खरा खर्च छर्ऱ्यांचा

रायफलीची किंमत सर्वांच्या डोळ्यांत भरते, पण ती एकदाच मोजायची असते. छर्ऱ्यांचे तसे नाही. मुलगी आठवड्यात पाच दिवस रोज शंभर छर्रे मारते असे धरले, तर ५०० छर्ऱ्यांचा एक डबा आठवड्यात संपतो. डब्याला समजा हजार रुपये धरले, तर वर्षाला पन्नास हजार झाले. पाच वर्षांत रायफलीइतकीच रक्कम छर्ऱ्यांत जाते. रायफलीवर सगळी बचत घालून बसलेल्या घराची कोंडी होते ती इथे. रायफल आहे, पण छर्रे मोजून मारावे लागतात!

यावर दोन उपाय आहेत. पहिला, सरावाचे छर्रे आणि स्पर्धेचे छर्रे वेगळे ठेवायचे. रोजच्या सरावाला साध्या प्रतीचे, स्पर्धेआधीच्या पंधरवड्यात नळीला आवडणारे उत्तम प्रतीचे. क्लबातल्या चार-पाच पालकांनी एकत्र मागणी नोंदवली तर भावातही फरक पडतो.

दुसरा उपाय फुकटाचा. स्पर्धेच्या नव्या रायफलींत छर्ऱ्याविना चाप ओढायची सोय असते. भिंतीवर छोटे काळे वर्तुळ चिकटवून, घरच्या मोकळ्या भिंतीसमोर रोज अर्धा तास असा कोरडा सराव करता येतो. उभे राहणे, श्वास, चाप, आणि सुटल्यानंतरही क्षणभर स्थिर राहणे, या साऱ्याची तालीम यात होते. नेमबाजीचा निम्मा अभ्यास इथेच होतो आणि त्याला एक पैसा लागत नाही. मात्र सरावाच्या वेळी छर्ऱ्यांचा डबा त्या खोलीत असता कामा नये, आणि सराव संपला की रायफल कुलपात. घरात धाकटे भावंड असेल तर हा नियम कधीही मोडायचा नाही.

घरात बसून ठरवायच्या गोष्टी

रायफल घेण्याआधी आई, बाबा आणि मूल, तिघांनी एकत्र बसून तीन आकडे कागदावर लिहावेत. सामानावर जास्तीत जास्त किती खर्च करायचा, दर महिन्याला छर्रे, क्लबची फी आणि स्पर्धांच्या प्रवासासाठी किती, आणि किती गुणांवर पोचल्यावर पुढचा भाग घ्यायचा. कर्जाचा विचार असेल तर तो पहिल्या रायफलीसाठी नको. मुलाचे गुण वर चढल्यावर, दुसऱ्या रायफलीसाठी करावा. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर चमकणाऱ्या खेळाडूंसाठी सरकारी आणि खासगी मदतीची दारे उघडतात. पण ती गुण पाहून उघडतात, रायफल पाहून नव्हे.

आणखी एक अवघड गोष्ट तिघांनी आधीच बोलून ठेवावी, ती म्हणजे थांबण्याची. खेळ सोडावासा वाटला तर मुलाला ते सांगता आले पाहिजे. "तुझ्यासाठी आम्ही एवढे पैसे घातले" हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येते, तिथले मूल रायफलीबरोबर तेही ओझे खांद्यावर घेऊन उभे राहते. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर त्या ओझ्याने नेम लागत नाही. जुनी, बेताच्या किमतीची रायफल घेण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच. ती नीट ठेवली तर घेतल्या किमतीच्या आसपास पुढच्या मुलाला देता येते, आणि कुणालाच काही गमावल्यासारखे वाटत नाही.

शेवटी एक साधी वही घ्यावी. डाव्या पानावर प्रत्येक सरावाचे गुण, उजव्या पानावर त्या महिन्यात झालेला खर्च. डावे पान मुलीने लिहायचे, उजवे आईने किंवा बाबांनी. वर्ष संपले की दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत. पुढचा भाग घ्यायचा की नाही, याचे उत्तर दुकानदाराआधी ती वही देईल.